अख्खं नाटक धरून बसलेलं वाक्य

चिक्कूच्या कंजूषपणाबद्दल जे जे सांगतात ते सगळंच खरं नाही. शिंक आली की तो अर्धी देऊन अर्धी उद्यासाठी ठेवायचा, ही शुद्ध थाप. पण त्याची पेन्सिल झिजून इतकी आखूड झाली होती, की तो लिहायला बसला म्हणजे पेन्सिल दिसतच नसे, कागदावर आपोआप अक्षरं उमटताना दिसत, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. गंमत अशी की पैशाला तो अजिबात चिकट नव्हता. चहाचे पैसे तोच द्यायचा, टॅक्सीवाल्याकडे सुटे नसले तर हात हलवून निघून जायचा. त्याचा सगळा चिकटपणा एकाच गोष्टीपुरता होता, कॉम्प्युटरच्या मेमरीपुरता. तिथे एक अक्षर फुकट गेलं तरी त्याच्या पोटात दुखायचं.

तो आणि आणखी मूठभर माणसं मिळून एक भाषा सांभाळत. बोलायची नव्हे, प्रोग्राम लिहायची. दूरदूरची माणसं त्या भाषेत प्रोग्राम लिहीत, आणि ते चालवणारं इंजिन ह्यांच्या ऑफिसात घडे. ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर. दुकानदाराने डोळे तपासायचा तक्ता जिन्यातच टांगला होता, त्यामुळे कामावर येणाऱ्या प्रत्येकाला रोज सकाळी आपली नजर किती उतरली ते कळायचं.

इंजिनातला एकच कोपरा चिक्कूकडे होता, स्ट्रिंगचा. प्रोग्रामच्या जगात कुठल्याही मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. नाव, पत्ता, शिवी, महाकाव्य, सगळं एकाच मापाने. अक्षरांची एक लांब ओळ. आणि प्रोग्राम दिवसभर करतात काय, तर ह्या ओळी कापतात आणि जोडतात. इतर भाषांत तुकडा कापायचा म्हणजे तेवढी अक्षरं दुसऱ्या जागी उतरवून काढायची. चिक्कू म्हणे, कशाला? अक्षरं आहेत तिथे बरी आहेत. त्याचं इंजिन फक्त एक चिठ्ठी लिही: अमुक मजकुरात, ह्या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत. झालं कापून! मजकूर पोस्टकार्डाएवढा असो की शब्दकोशाएवढा, चिठ्ठी तेवढीच.

ह्या युक्तीने भाषा अशी पळायला लागली की उत्तर पडद्यावर आधी यायचं आणि मग लिहिणाऱ्याला प्रश्न सुचायचा. भाषा घडवणाऱ्यांची दरवर्षी शर्यत असे. मजकूर कापण्याच्या प्रकारात चिक्कूचं इंजिन पहिलं यायचं आणि दुसरं कोण आलं ते बघायला दुर्बीण लागायची. "माझ्या इंजिनात नक्कल होत नाही," असं तो भेटेल त्याला सांगायचा. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्याने सांगितलं होतं.

शेजारच्या टेबलावर मोजणीबाई बसायची. इंजिनाला कुठल्या कामाला किती वेळ लागतो, किती मेमरी लागते, हे मोजणं तिच्याकडे होतं. सवय अशी जडली होती, की कुणी 'जरा थांब' म्हटलं तर ती विचारायची, "जरा म्हणजे किती?"

आता घरचं. चिक्कूची आई नाटकात प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाचं पुस्तक, आणि नट अडखळला की शब्द असा सोडायचा, की तो नटाच्या कानात शिरेल पण पहिल्या रांगेपर्यंत जाणार नाही. तिचा नेमच असा होता म्हणे, की तिने नायकाला दिलेलं वाक्य मध्ये उभ्या असलेल्या खलनायकाला वळसा घालून जायचं. मग तिचे कान गेले. एकदम नाही, आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग माणसं. घरात समोर बसून बोललं की ती ओठांवरून सगळं ओळखायची, पण रंगमंचावरचे ओठ कुठून दिसणार? चिक्कूची ताई नाटकं लिहायची आणि बसवायची. तिने एकदा आईला कानात यंत्र घालून थिएटरात नेलं. नायिका मरणार, सगळीकडे चिडीचूप, आणि नेमकं तेव्हाच त्या यंत्राने अशी शिट्टी मारली की मरणारी नायिका उठून बसायची तेवढी राहिली. सगळं थिएटर वळून बघायला लागलं. आईला शिट्टी ऐकू आली नाही, पण वळलेले चेहरे दिसले. ती उठली, ताठ मानेने बाहेर गेली, आणि त्यानंतर घरात नाटकाचा विषय निघाला की ती नळ बंद आहे का ते बघायला आत जायला लागली.

म्हणून चिक्कूने पाटी केली. खुर्चीच्या हातावर बसेल एवढा पडदा. वर दिव्यांच्या खोलीत एका छोट्या मशीनपाशी बसून त्याने प्रत्येक संवादाला एक कळ दाबायची, की तो संवाद आईच्या पाटीवर उमटायचा. आईने फक्त एक मागणी केली. "एखादं वाक्य आवडलं तर ते ठेवून घ्यायला बटण दे. मला पूर्वी चांगली वाक्यं आपोआप लक्षात राहायची. आता नाही राहत." चिक्कूने बटण दिलं.

आणि आईने एक अट घातली. "येते मी तुझ्या ताईच्या नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला. पण तुझी पाटी मध्येच बंद पडली, तर मी उठून जाईन. मग पुन्हा मला बोलवायचं नाही. तू नाही आणि तिनेही नाही."

"अगं, माझ्या भाषेत लिहिलीय मी!" चिक्कू तिच्यासमोर तोंड करून म्हणाला. "जगबुडी आली तरी चालेल."

"जगबुडीत नाटकाला कोण येणार आहे? शनिवारी दुपारी चालू दे म्हणजे झालं."

तालमीचा हॉल म्हणजे काही थिएटर नव्हे, अशी स्वतःची समजूत घालून आई तालमीला यायला लागली. पहिले काही दिवस सगळं छान चाललं. ती खाली पाटीकडे आणि वर नटांकडे अशी मान हलवत बसायची आणि मधूनच बटण दाबायची. मग एक दिवस तिसऱ्या अंकात पाटी रेंगाळली. समोर धाकट्या भावाने थोरल्याच्या श्रीमुखात भडकावली, आणि पाटीवर तो अजून 'साखर किती घालू?' विचारत होता. दुसऱ्या दिवशी हे दुसऱ्याच अंकात झालं. त्यानंतरच्या तालमीला तर पहिला अंक सुरू होतो न होतो तोच पाटी एका वाक्यावर जी थिजली ती थिजलीच. आईने पाटीवर बोटाने टकटक केलं, वर दिव्यांच्या खोलीकडे एकदा बघितलं, आणि पिशवी उचलून घरी निघून गेली. ती ओरडली असती तर चिक्कूला बरं वाटलं असतं.

"काय रे, जगबुडी आली वाटतं?" ताई खालून म्हणाली.

"मशीन जुनं आहे."

"मशीन जुनं आहे, मग बंद करून चालू कर. मी फ्रिजला तसंच करते."

"बंद नाही करता येत. आईने ठेवलेली वाक्यं मेमरीतच आहेत. बंद केलं की गेली."

"ती कुठेतरी लिहून ठेवावीत, एवढं सुचलं नाही?"

"दुसरीकडे उतरवायची म्हणजे त्याच अक्षरांना दोनदा जागा..."

ताईने कपाळावर हात मारला. "अरे, बारा अक्षरांसाठी जीव काढतोस? शनिवारी ती उठून गेली ना चिक्कू, तर मी तुझं नाव कार्यक्रमपत्रिकेत 'अडथळा' म्हणून छापेन."

बंद न करता ते मशीन ऑफिसात न्यायचं म्हणजे काम होतं. चिक्कूने त्याला बॅटरी जोडली, तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांत धरलं आणि टॅक्सीत बसला. ड्रायव्हरने आरशातून बघून गाडी आपोआप हळू घेतली.

मोजणीबाईने तारा जोडल्या, मेमरीत डोकावली आणि मोजायला लागली.

"चिक्कूराव, हे नाटक किती अंकी आहे?"

"तीन."

"मग आत शंभराच्या वर अंक कसे?"

चिक्कू खुर्चीवरून अर्धा उठला. खरंच होतं. त्या इवल्याशा मशीनमध्ये ताईचं नाटक एक नव्हतं, नाटकांचा ढीग होता. थोरला भाऊ एकात घड्याळजी, एकात निवृत्त मास्तर, एकात मेलेला. त्याचं असं होतं, की ताईला नाटक लिहून संपवता येत नसे. तालीम चालू असताना, चहा पिताना, एकदा तर नटाशी भांडताभांडता ती फोनवर संवाद बदलायची. जुनं काही ठेवायची नाही, त्याच्यावरच लिहायची. आणि बदल झाला की अख्खं नाटक नव्याने मशीनकडे यायचं.

"यायचं तर येऊ दे," चिक्कू म्हणाला. "नवं आलं की जुनं टाकायला सफाईवाला आहे ना."

इंजिनातल्या ज्या भागाला ऑफिसात सगळे सफाईवाला म्हणत, त्याचं काम सोपं होतं. फेरी मारायची, ज्या मजकुराकडे आता कुणाचीच चिठ्ठी बोट दाखवत नाही तो उचलायचा आणि फेकायचा. तो फेरी मारत असला की बाकी सगळ्यांनी पाय वर घेऊन थांबायचं.

"सफाईवाला आहे," मोजणीबाई म्हणाली. "मघापासून तो सारखा फेऱ्याच मारतोय. बिचारा धापा टाकतोय, आणि हातात काही लागत नाहीये. प्रत्येक नाटकाला कुणीतरी धरून ठेवलंय."

"कोण?"

तिने एका जुन्या नाटकाकडे जाणारी चिठ्ठी शोधली. मग दुसऱ्याकडे जाणारी, मग तिसऱ्याकडची. चिक्कू पडद्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. पहिली चिठ्ठी आईची. दुसरीही आईचीच. आई जे वाक्य ठेवायची त्याची नक्कल कुठे होतच नव्हती. चिक्कूच्या लाडक्या युक्तीप्रमाणे एक चिठ्ठी लिहिली जायची: त्या दिवशीच्या नाटकात, ह्या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत. आणि ती चिठ्ठी आहे तोवर सफाईवाल्याला त्या दिवशीचं अख्खं नाटक हलवता येत नव्हतं. शेपटाचा एक केस हवा म्हणून दारात हत्ती बांधून ठेवावा, असे हत्तींवर हत्ती उभे होते.

"सोपं आहे," मोजणीबाई म्हणाली. "तुमच्या पाटीच्या प्रोग्राममध्ये बटणाशी एक ओळ टाका. ठेवलेलं वाक्य वेगळं उतरवून घ्या. सुटला प्रश्न."

चिक्कूने ती ओळ पहिल्यापासून असती तर काय झालं असतं, त्याचा हिशेब मांडून बघितला. हिशेबात ढीग थोडा कमी झाला, पण हत्ती काही हटेनात. पात्रांची नावं संवादांच्या डोक्यावरून कापून घेतलेली, तीही चिठ्ठ्याच; 'थोरला' एवढ्या तीन अक्षरांमागे पहिल्या दिवसाचं नाटक उभं. अंकांची शीर्षकं, चिठ्ठ्या. मागे दाखवलेले संवाद, चिठ्ठ्या. एक भोक बुजवावं तर शेजारी दुसरं.

"हे पाटीचं दुखणं नाही," तो हळूच म्हणाला. "माझ्या कोपऱ्यातलं आहे."

मोजणीबाईने मान हलवली. 'मेमरी फुगते' अशा तक्रारी बाहेरूनही यायच्या, आणि चिक्कू सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा: तुमचा प्रोग्राम तपासा. ती हे बोलून दाखवू शकली असती. तिने त्याच्यापुढे चहा सरकवला, आणि त्याला ते जास्त लागलं.

तेवढ्यात जिन्यावरून ताई आली. ती भांडायलाच आली होती. अर्ध्या जिन्यातूनच सुरू झालं होतं, फक्त तक्त्यापाशी श्वास घ्यायला थांबली असावी. पण पडद्यावर जे मांडलं होतं ते बघून ती भांडण विसरली.

"हे... हे सगळं आहे तुझ्याकडे?"

"असायला नको होतं. तेच तर..."

"गप्प बस. मला तो बहिणीचा प्रवेश बघू दे."

नाटकात दोन भाऊ आणि एक बहीण होते. बंद पडलेलं वडिलांचं घड्याळांचं दुकान पुन्हा उघडायचं का, ह्यावर तिघांचं भांडण. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बहिणीचं एक लांबलचक भाषण होतं. ताईने ते एका रागाच्या भरात उडवलं होतं, वर दुसरंच लिहिलं होतं, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती. तिला ते आठवून पुन्हा लिहिता येईना, आणि दुसऱ्या अंकाचा शेवट लंगडायचा तो लंगडतच होता. आता मोजणीबाईने आईने ठेवलेल्या वाक्यांची यादी लावली, आणि ताईने एका वाक्यावर बोट ठेवलं:

'कुलूप लावताना मला कुणी बोलावलं नाही. किल्ली हरवल्यावर मात्र सगळ्यांना मीच आठवते.'

मोजणीबाईने ते वाक्य धरून ओढलं आणि मागून अख्खं भाषण, अख्खा अंक, अख्खं नाटक बाहेर आलं. ताई मटकन खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच तिने भावाचा दंड धरला.

"चिक्कू, हे दुरुस्त करू नकोस."

"काय?"

"असंच ठेव. किती छान आहे हे! काही हरवतच नाही. एक वाक्य धरलं की सगळं परत."

"ताई, शनिवारी आई येतेय."

"मोठं मशीन घे. पैसे मी देते."

"मोठं मशीन मोठ्या ढिगाने भरेल. तू थांबणार आहेस का लिहायची?"

ताईने मदतीसाठी मोजणीबाईकडे पाहिलं. मोजणीबाई म्हणाली, "ताई, ह्या वेगाने तुम्ही लिहीत राहिलात तर कुठलंही मशीन फार तर जरा जास्त टिकेल." आणि हे 'जरा' तिने स्वतः, न मोजता म्हटलं, एवढ्यावरून तिला काय वाटलं असेल ते समजावं.

चिक्कू घरी गेला तेव्हा दुपार होती. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. त्याने समोरचं स्टूल ओढलं, उजेडाकडे तोंड करून बसला आणि तोही सोलायला लागला. थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आई, तू पूर्वी नटांच्या नकला उतरवायचीस, आठवतं?"

आठवायचं काय त्यात. तेव्हा नाटकाचं पुस्तक एकच असायचं. आई रोज संध्याकाळी एकेका नटाचे संवाद वेगळ्या कागदावर लिहून काढायची, त्याला नक्कल म्हणायचे. तिची बोटं शाईने निळी आणि दुखून वाकडी झालेली चिक्कू लहानपणी बघायचा. तिच्याशेजारी गृहपाठ करताना त्याला वाटायचं, हे कशाला? 'पान अमुक, ह्या ओळीपासून त्या ओळीपर्यंत' एवढं लिहून दिलं तर चालणार नाही का? पुढे मोठा झाल्यावर त्याने इंजिनात तेच केलं होतं. हे त्याने आईला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. सावकाश, ओठ नीट हलवत.

आई हातातली शेंग तशीच धरून ऐकत, म्हणजे बघत राहिली. मग हसायला लागली.

"अरे वेड्या! मग त्या नटाला पाठ करायला माझं पुस्तक नको? आणि त्याच वेळी दुसऱ्यालाही नको? सगळे माझ्या दाराशी येऊन बसले असते. पुस्तक माझं, आणि मला ते कपाटात ठेवायची सोय नाही."

"हात दुखायचे ना पण तुझे."

"दुखायचे. शिव्या द्यायचे मी. पण नक्कल एकदा हातात दिली की तो नट त्याच्या घरी आणि मी माझ्या घरी. मग लेखकाने पुस्तकाचं काही का करेना." तिने शेंग मोडली. "आणि सगळ्यांना कुठे द्यायचे? नायकाला नाही दिली कधी. तो सगळ्याच पानांवर असायचा, त्याची नक्कल म्हणजे दुसरं पुस्तकच झालं असतं. त्याने माझ्याशेजारी बसून वाचायचं. दोन वाक्यांचा शिपाई असला, की त्याला चिटोरा फाडून द्यायचा आणि घालवायचा."

चिक्कूने मटाराचे दाणे सालांच्या ढिगात आणि सालं पातेल्यात टाकायला सुरुवात केली होती. आईने त्याच्या हातावर चापटी मारली. "जा, काय सुचलंय ते कर जा. मटार वाया घालवू नकोस."

उरलेले दिवस त्याने आणि मोजणीबाईने सफाईवाल्याला नवी शिस्त लावण्यात घालवले. कापताना पूर्वीसारखीच चिठ्ठी लिहायची, तिथे हात लावायचा नाही. मात्र सफाईवाल्याने फेरीत प्रत्येक मोठ्या मजकुरापाशी थांबून विचारायचं: हा अख्खा कुणाला हवाय का? कुणाला हवा असेल तर पुढे जायचं. कुणालाच नको असेल आणि नुसत्या बारीकसारीक चिठ्ठ्या लोंबकळत असतील, तर तेवढ्या तुकड्यांच्या नकला उतरवायच्या, ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या आणि मजकूर फेकून द्यायचा. पहिल्या प्रयत्नात सफाईवाल्याने इतक्या उत्साहाने फेकाफेक केली, की खुद्द इंजिनाचं नावच फेकलं आणि पडद्यावर नुसता ठिपका लुकलुकत राहिला. दुसऱ्या प्रयत्नात सगळ्या पात्रांना एकच नाव मिळालं. नाटक तसं बरं झालं असतं, पण ताईला ते पटलं नसतं. शेवटी शुक्रवारी दुपारी ते बसलं. मोजणीबाईने शर्यतीच्या सगळ्या परीक्षा चालवल्या.

"पहिला नंबर गेला, चिक्कूराव. नकला उतरवायला थोडा वेळ जातो, तेवढ्यात ते पलीकडचे पुढे."

"किती पुढे?"

"जरा."

"जरा म्हणजे किती?"

तिने आकडा सांगितला. चिक्कूने तो ऐकला, आणि एरवी जो माणूस अर्ध्या अक्षरासाठी जेवण सोडायचा त्याने नवं इंजिन सगळ्यांसाठी पाठवून दिलं. सोबतच्या टिपणीत लिहिलं: 'मेमरी फुगते अशी तक्रार ज्यांनी केली होती, त्यांचे प्रोग्राम बरोबर होते.' मग त्याने आईची सगळी वाक्यं आधी फाइलमध्ये लिहून घेतली, डोळे मिटले आणि मशीन बंद करून चालू केलं. ताईने जुन्या नाटकांमधून बहिणीचं भाषण तेवढं उतरवून घेतलं होतं. बाकीचे हत्ती गेले. ताई दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत उभी राहिली, आणि मग फोन काढून पहिल्या अंकातला एक संवाद बदलायला लागली.

शनिवारी दुपारी आई आली. इस्त्रीची साडी, हातात तीच पिशवी. दाराशी क्षणभर थांबली. पायरीकडे असं बघितलं की जणू पायरीनेच आधी काहीतरी बोलायला हवं. मग आत गेली आणि पहिल्या रांगेत पाटीसमोर बसली.

वर दिव्यांच्या खोलीत चिक्कू एका हाताने कळ दाबत होता आणि एक डोळा मेमरी किती भरली ते दाखवणाऱ्या रेघेवर ठेवून होता. त्याला ना नट दिसत होते ना नाटक. त्याला दिसत होती ती रेघ, आणि खाली आईचं पांढरं डोकं. रेघ चढायची, आता गेलं, असं वाटायचं, तेवढ्यात सफाईवाला फेरी मारून यायचा आणि ती निमूट खाली बसायची. मध्यंतरात ताईने, अपेक्षेप्रमाणे, तीन ठिकाणी बदल केले. नवं नाटक आलं, जुनं गेलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बहिणीचं भाषण सुरू झालं. आईला हे आधी सांगितलेलं नव्हतं. ताईला तिला चकित करायचं होतं. कुलपाचं वाक्य आलं तशी आईची मान झटकन वर गेली, आणि ती नटीकडे बघत राहिली. मग भाषण पुढे सुरू राहिलं, आणि तिची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. भरून आलं असणार, असं चिक्कूला वाटलं. त्यालाही भरून आलं, आणि त्या भरात तो एक कळ दाबायची विसरला.

तिसऱ्या अंकात पाटी एकदाही रेंगाळली नाही. श्रीमुखात बसली तेव्हा पाटीवरही बसली. पडदा पडला, टाळ्या झाल्या. टाळ्या आईला ऐकू येत नव्हत्या, पण खुर्चीच्या हातातून त्या तिच्या कोपरापर्यंत पोहोचल्या असाव्यात, कारण तिने वळून मागच्या रांगांकडे बघितलं आणि स्वतःही टाळ्या वाजवल्या.

चिक्कू जिना उतरून बाहेर आला तेव्हा आई आणि ताई पायऱ्यांवर उभ्या होत्या, आणि भांडत होत्या.

"ते भाषण कशाला परत आणलंस?" आई मोठ्याने म्हणत होती, तिला स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे फाटकापर्यंतची माणसं थांबून ऐकत होती. "चांगलं काढून टाकलं होतंस."

"आई! तूच तर ते ठेवलं होतंस! बटण दाबून!"

"मी वाक्य ठेवलं होतं. एक. कुलपाचं. बाकीचं कोण मागत होतं? ती बाई बोलतेय, बोलतेय, बोलतेय. मी खाली पाटीवर बघून मोजत होते अजून किती राहिलंय. त्या पोरीचा घसा सुकला."

"त्या भाषणात सगळ्या नाटकाचा..."

"सगळं नाटक पुढे आहेच की, तिसऱ्या अंकात! एवढं एक वाक्य म्हणू दे आणि पडदा टाक. बघ कसं लागतं ते."

ताई मग चिक्कूकडे वळली. "हिला सांग काहीतरी."

"मी स्ट्रिंगवाला," चिक्कू म्हणाला. "मला नाटकातलं काय कळतं?"

"मधे एक संवाद पाटीवर आलाच नाही," आई त्याच्याकडे वळून म्हणाली. "तुझं लक्ष कुठे होतं?"

चिक्कूला फार बरं वाटलं. ताई तिथेच पायरीवर बसली, फोन काढला आणि ओठ चावत भाषणाच्या ओळी एकेक करून खोडायला लागली. खोडताना मधूनच काहीतरी पुटपुटत होती. ते बहुधा आईबद्दल होतं, पण तिने तोंड मुद्दाम पलीकडे फिरवलं होतं, म्हणजे आईला ओठ दिसू नयेत.

आई पिशवी सावरत दोन पायऱ्या उतरली, आणि पुन्हा वळली.

"उद्याचा प्रयोग किती वाजता आहे? आणि मला जरा मागची खुर्ची दे रे. पुढून सगळ्यांच्या नुसत्या चपला दिसतात."